बँक एक, सेन्सर एक

डॅशबोर्डावर पिवळं इंजिन उजळलं तेव्हा आम्ही भिलाईहून एका बारशाचं जेवण उरकून रायपूरला परत येत होतो आणि मी नेमका बायकोला सांगत होतो की आपल्या गाडीला दहा वर्षांत काही म्हणून झालं नाही.

"अहो, हे पिवळं काय लागलंय?"

"सीटबेल्टचं असेल."

"माझा लावलाय."

"मग मागच्या कुणाचा तरी."

मागे कुणीच नव्हतं. घुगऱ्यांचा डबा होता. मी तेवढ्यावरून गाडी थांबवली, डबा खाली ठेवला, पुन्हा निघालो. दिवा तसाच. मग चार दिवस मी त्याच्याकडे बघितलंच नाही. दात दुखायला लागला की आमच्या घराण्यात हाच उपाय करतात. पण पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी बारावर आली, तेव्हा लाखेनगर चौकाजवळच्या आमच्या मिस्त्रीकडे जावं लागलं.

मिस्त्रीने स्टीअरिंगखाली एक डबी खोचली, मोबाईलवर बघितलं आणि म्हणाला, "पी ०१३५. ऑक्सीजन सेंसर का हीटर गया है भैया. बैंक वन, सेंसर वन. ढाई हजार का पार्ट, पाँच सौ लगवाई."

पाचशे रुपये! एक नट काढायचा, दुसरा लावायचा, त्याचे पाचशे. "सोचके बताता हूँ," असं मी म्हणालो. रायपुरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मिस्त्रीने डबी खिशात टाकली आणि तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

इथे जरा घराण्याबद्दल सांगायला हवं. आम्ही पुरानी बस्तीतले जुने मराठी. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला कारभार बघायला आले, त्यांच्या मागोमाग आमचे मूळ पुरुष आले, असं आमच्याकडे सांगतात. मूळ पुरुषांच्या हातात तलवार होती असं मात्र कुणीच सांगत नाही. दफ्तर होतं. तेव्हापासून घरातल्या पुरुषाने लेखणीहून जड काही उचललेलं नाही. आणि आमचंच कशाला? माधवराव सप्रे बघा, वामनराव लाखे बघा. १९०० साली यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं. रायपूरच्या मराठी माणसाने मासिकं काढली, शाळा काढल्या, मंडळं काढली. सेन्सर काढल्याची नोंद नाही.

ती नोंद करायचं मी ठरवलं.

खरं खूळ डोक्यात घातलं ते अमेरिकेत एडिसन गावी राहणाऱ्या मामेभावाने. फोनवर म्हणाला, "अरे, मी गेल्या वर्षी स्वतःच बदलला. इथे गॅरेजवाला नुसत्या मजुरीचे दीडशे डॉलर मागत होता. चाळीस मिनिटांचं काम." तिकडे पार्ट स्वस्त आणि माणूस महाग. इकडे पार्ट महाग आणि माणूस स्वस्त. म्हणजे तो जे वाचवतो त्यात आठवड्याचा किराणा येतो आणि मी जे वाचवणार त्यात चौघांचा डोसा. हे गणित मला तेव्हाही येत होतं. पण त्याच्या घराला गॅरेज आहे, गॅरेजात दिवा आहे, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले आहेत, आणि तो लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की त्याला सायकलची उतरलेली चेनसुद्धा बसवता येत नव्हती. त्याला जमतं तर मला का नाही, एवढाच मुद्दा होता. पाचशे रुपये हे सभ्य लोकांना सांगायचं कारण.

मी अभ्यास सुरू केला. अभ्यास आमच्या रक्तात आहे. हा सेन्सर मोटारीत पहिल्यांदा आला १९७६ साली, व्हॉल्वोच्या गाडीत. बनवला होता बॉशने. त्याला लॅम्डा सेन्सर असंही म्हणतात. आत झिर्कोनियाची, चिनीमातीच्या टोपीसारखी एक टोपी असते, तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. टोपीच्या एका अंगाला सायलेन्सरच्या नळीतला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जो फरक असेल त्यावर चिमूटभर वीज तयार होते. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१. ते बघून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलचा हात सैल करतो नाहीतर आवळतो. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे प्रमाण राखायचं. ही टोपी सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. आमच्या बाबांना सकाळचा चहा लागतो तसं. तो चहा म्हणजे हीटर. आमच्या गाडीत बिघडला होता तो चहा. बाकी सेन्सर धडधाकट होता, फक्त उशिरा उठत होता.

हे सगळं मी जेवताना घरच्यांना समजावून सांगितलं. बाबा बँकेतून निवृत्त. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुठली बँक?"

"बँक म्हणजे सिलिंडरची रांग, बाबा. आपल्या गाडीत एकच रांग आहे. म्हणून बँक एक."

"आणि सेन्सर एक?"

"दोन असतात. त्यातला पहिला."

"पहिला कुठून?"

या प्रश्नाचं मी उत्तर दिलं नाही. बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या पावत्या तपासल्या आहेत, त्यांना कुठेही चूक दिसते असं म्हणून मी ताक प्यायलो.

दुसऱ्या दिवशी गल्लीत भलतंच पसरलं. समोरच्या दाई धापा टाकत ओट्यावर आल्या. "महराज, कोन ल आक्सीजन लगे हे?" कोरोनापासून आमच्या गल्लीत हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. बायकोने गाडीला लागलाय म्हणून सांगितलं. त्यांना हायसं वाटलं, पण संध्याकाळपर्यंत आणखी तिघं बाबांची तब्येत विचारून गेले. बाबा प्रत्येकाला स्वतः दार उघडत होते, तरी लोकांचं समाधान होत नव्हतं.

पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "ऊपर वाला कि नीचे वाला?" मी अभ्यास केलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "पहला." त्याने डबी काढून दिली. अडीच हजार. योग्य पार्ट मिळाला होता, हे मी त्या मुलाच्या बाजूने इथे लिहून ठेवतो. त्या पूर्ण प्रकरणात एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर झाली आणि ती त्याने केली.

मुहूर्त सापडला रजुतियाचा. रथयात्रेला छत्तीसगढात रजुतिया म्हणतात. ज्येष्ठ पौर्णिमेला स्नान झालं की जगन्नाथ आजारी पडतात, पंधरा दिवस दार बंद, काढा चालू. बरे झाले की रथात बसून निघतात. आमच्या टूरी हटरीच्या जगन्नाथ मंदिरातही तसंच. देव आणि माझी गाडी एकाच पंधरवड्यात आजारी होते. देवाच्या काढ्याची नीट व्यवस्था होती.

रथ आमच्या गल्लीतून जात नाही. पण रथाला जाणारे सगळे आमच्या गल्लीतून जातात, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

आमची गल्ली एवढी अरुंद की गाडी घराच्या भिंतीला नाक लावून उभी करावी लागते. पुढून हात जायला जागा नाही, बॉनेट अर्धंच उघडतं. म्हणून मी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि विटा रचायला घेतल्या. बाबा ओट्यावरून ओरडले, "विटांवर भरवसा ठेवू नकोस. स्टेपनी सरकव खाली." ती मी सरकवली. मग गोणपाट अंथरून मागच्या बाजूने आत शिरलो, डोकं आत, पाय गल्लीत.

सायलेन्सरच्या नळीच्या कडेकडेने सरकत गेलो आणि पहिला सेन्सर भेटला. मला भेटलेला पहिला. धूर इंजिनातून निघतो आणि मागे येतो; मी मागून निघालो होतो आणि पुढे जात होतो. धुराचा पहिला आणि माझा पहिला यांच्यात एक आख्खा कॅटलिटिक कन्व्हर्टर आडवा होता. वरचा सेन्सर धूर शुद्ध व्हायच्या आधी चव घेतो आणि पेट्रोलचं माप ठरवतो. खालचा नुसता कन्व्हर्टर काम करतोय का ते बघतो, म्हणजे ऑडिटर. मी ऑडिटरला पकडलं होतं. त्याचा काही दोष नव्हता.

बावीसचा पाना लावला आणि जोर केला. काही हललं नाही. आणखी जोर केला. पाना घसरला आणि कोपर नळीला लागलं. सकाळी दूध आणायला गाडी काढली होती, नळी अजून गरम होती. मी जे ओरडलो ते रथाला निघालेल्या एका भाविक कुटुंबाने ऐकलं.

"का होगे महराज?"

"कुछ नहीं, गाड़ी बना रहे हैं."

"मिस्त्री नइ मिलिस का?"

यानंतरचे दोन तास मी नुसते पाय बघितले. चपला, पैंजण, लहान मुलांचे उघडे पाय, पोलिसाचे बूट. प्रत्येक पायांच्या जोडीला एक मत होतं. कुणी म्हणे रॉकेल टाक, कुणी म्हणे हातोडी मार, कुणी म्हणे उलटं फिरवतोयस. एकाने तर बसून, वाकून, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं की या कंपनीची गाडीच घ्यायला नको होती. मग तो उठून गेला. मी गंज काढायचा स्प्रे मारला, पान्याला पाण्याच्या पाइपचा तुकडा जोडून लांबवलं, खाली विटा लावून पायाने दाबलं. कोपऱ्याकोपऱ्यांनी नट गोल झाला. शेवटी पकड लावून हातोडीने ठोकलं आणि तो सुटला. मऊसूत. इतक्या सहज सुटला की मला संशय यायला हवा होता. सेन्सर बाहेर आला तो एकटा आला नाही, नळीतले आटे बरोबर घेऊन आला. चांदीच्या तारेसारखी ती चकचकीत वळी माझ्या छातीवर पडली. मी म्हटलं, किती कचरा साचला होता!

तेवढ्यात गाडीखाली एक हात आला आणि पानांचा द्रोण ठेवून गेला. गजामूंग. रजुतियाचा प्रसाद, भिजवून मोड आलेले मूग. कोणाचा हात ते आजही माहीत नाही. ऑइलाने माखलेल्या बोटांनी, आडवा पडून, मी तो खाल्ला. त्या दिवसातला तेवढाच चांगला भाग.

मग नवा सेन्सर. डबीत एक घडी घातलेला कागद होता. तो मी नट हरवू नयेत म्हणून खाली पसरला. सेन्सरच्या आट्यांना काहीतरी करडं, चिकट लागलेलं होतं. दुकानातून घाण माल दिला असं वाटून मी ते पेट्रोलच्या फडक्याने लख्ख पुसून काढलं. तार जोडायला गेलो तर एक वीत कमी पडली. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता की बुवा, तार कमी का पडते? हा पार्ट दुसरीकडचा तर नाही? मी म्हणालो, कंपनीने तार वाचवली. ही कंपन्यांची लबाडी आपल्याला माहीत आहे.

जुन्याची तार कापली, नव्याला जोडली. लहानपणी रेडिओ दुरुस्त करताना, म्हणजे बिघडवताना, वापरलेली कथलाची काडी आणि डाग द्यायची सळई माळ्यावर होती. चार तारा, त्यातल्या दोन अगदी एका रंगाच्या, जुळ्या बहिणींसारख्या. कुठली कुठे ते कळेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "चिठ्ठी टाका." टाकली. डाग दिले, वर काळी टेप घट्ट गुंडाळली, हवासुद्धा जाणार नाही अशी.

सेन्सर भोकात घातला तर तो गरागरा फिरला. आवळेचना. नळाला असं झालं की प्लंबर पांढरी टेप गुंडाळतो, हे मी शेकडो वेळा बघितलेलं. गुंडाळली. आठ वेढे. बसला!

बाहेर आलो तेव्हा तीन वाजले होते, अंगावर एकही पांढरा भाग नव्हता. किल्ली फिरवली. पिवळं इंजिन तसंच हसत होतं. "थोडी चालली की जाईल," मी म्हणालो. बायको शेजारी बसली. याला मी निष्ठा म्हणतो, ती म्हणते की रथाला जायचं होतं आणि रिक्षा मिळत नव्हती.

महामाया मंदिराच्या अलीकडे गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला. टेफ्लॉनची टेप २६० अंशांच्या वर टिकत नाही. सायलेन्सरला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मग खालून ठप्प असा आवाज झाला, आणि त्याच्यामागोमाग अशी गर्जना सुरू झाली की पुढचे लोक आपोआप दोन्ही बाजूंना सरले. त्यांना वाटलं वाजंत्री आली. दहा वर्षांची चार सिलिंडरची घरगुती गाडी बुलेटसारखी फटफटत होती. सेन्सर भोकातून सुटून, माझ्या लांबवलेल्या तारेला लटकत, रस्त्यावर टणटणत येत होता. एक पोरगं धावत खिडकीशी आलं, "अंकल, पूँछ निकल गई!"

बायको तिथेच उतरली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मी तसाच गरजत लाखेनगरला गेलो.

मिस्त्री हसला नाही. त्याचा छोटू हसला, तर मिस्त्रीने त्याला चहा आणायला पाठवलं. मग तो वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भैया, ये सफेद क्या है?"

"टेप."

"कौन सा टेप?"

मी उत्तर दिलं नाही. आमच्या घरात प्रश्न असेच टोलवतात.

"और ये तो सेंसर टू है."

"मैंने पीछे से गिना था."

यावर तो क्षणभर थांबला. "पीछे से," तो स्वतःशीच म्हणाला, आणि बॉनेट उघडलं. तिथे, इंजिनाच्या अगदी अंगाला, उजेडात, वरूनच हात पोचेल असा, सेन्सर एक बसलेला होता. गाडीखाली जायची गरजच नव्हती. गाडी उलटी लावली असती तरी पुरलं असतं. मी म्हणालो, थंड होऊ द्या. तो म्हणाला, "गरम में ही खुलता है, ठंडे में पकड़ लेता है." तार जायला बाजूने खाच असलेली गोटी त्याने लावली, एक झटका, दोन वेढे, सेन्सर हातात. मी घड्याळ बघत होतो. आठ मिनिटं, त्यातली तीन चहाची.

माझा नवा सेन्सर त्याने उजेडात धरला, टेप सोलली आणि मान हलवली. तेव्हा मी खिशातला तो ऑइलने माखलेला कागद पहिल्यांदा वाचला. आट्यांवरची पेस्ट पुसू नये. पुढच्या वेळी सुटावा म्हणून ती लावलेली असते. आणि तारांना डाग देऊ नये. कारण बाहेरची जी हवा टोपीच्या आतल्या अंगाला लागते, ती या सेन्सरला तारांच्या आवरणातून मिळते. तो तारेतून श्वास घेतो! मी त्याला कथील पाजून, वर हवाबंद टेप गुंडाळून, गळा दाबला होता. ऑक्सिजन मोजणाऱ्याचा. मिस्त्रीने त्या दोन जुळ्या तारांकडे बघून मात्र सांगितलं की त्या हीटरच्या, कशाही जोडल्या तरी चालतात. म्हणजे चिठ्ठीही फुकट गेली.

नळीला नवा नट वेल्ड करून घ्यावा लागला. वरचा सेन्सर पुन्हा आणला, खालचा आणला, कारण खालच्या बिचाऱ्याचं मी डोकं गोल केलं होतं, तार कापली होती. मजुरीचे त्याने आठशे घेतले. पाचशे त्याच्या कामाचे आणि तीनशे, त्याच्याच शब्दांत, "आपका काम निकालने का". मी घासाघीस केली नाही.

बाबा अजून रोजकीर्द लिहितात. त्यांनी मला समोर बसवून एकेक पावती घेतली. सेन्सर तीन, स्प्रे, कथील, टेप, वेल्डिंग, मजुरी, भाजल्याचं मलम पंचाहत्तर रुपये. एकूण नऊ हजार पस्तीस. वाचवायचे होते पाचशे. मग त्यांनी चष्मा पुसला, कुठल्या खात्यावर टाकावं याचा विचार केला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: करमणूक.

एडिसनच्या मामेभावाला मी फोन केला, झालं म्हणून सांगितलं. किती वेळ लागला, त्याने विचारलं. आठ मिनिटं, मी म्हणालो.

दिवा गेला आहे, गाडी पुन्हा पंधरा देते. तो तिसरा सेन्सर घरी फडताळात ठेवलेला आहे. नवाच म्हणायचा, जेमतेम अडीच किलोमीटर चाललेला. कुणाला हवा असेल तर पुरानी बस्तीत कुणालाही "रजुतियावाली गाड़ी किसकी" म्हणून विचारा, घर दाखवतील. पैसे नकोत. तार मात्र आहे तशीच न्यावी लागेल. एक वीत जास्तच आहे, कमी नाही.